सरदार आणि पाच कैदी

शोधमहर्षी स्वतःची ओळख करून द्यायला लागले, की ऐकणाऱ्यानं आधी खुर्ची शोधावी आणि जमलं तर पाठीशी उशीही घ्यावी. ‘अट्टल गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सूक्ष्म निरीक्षणाचा बादशहा, तर्काचा तळपता सूर्य’ इथून सुरुवात व्हायची आणि सूर्य मावळेपर्यंत ती चालायची. एवढं सगळं साध्या कार्डावर मावेना, म्हणून त्यांनी दोन घड्यांचं कार्ड छापून घेतलं होतं. ते उलगडताना लोकांना वाटे, लग्नाची पत्रिका आली.

निवृत्तीआधी ते एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षं होते. तिथं त्यांनी एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती: कागदावर आहे ते खरं, आणि डोळ्यांना दिसतं त्याला जावक क्रमांक नसतो. याच तत्त्वावर त्यांनी आजवर तीन प्रकरणं हाताळली. तिसरं होतं इमारतीच्या लिफ्टमधल्या गूढ वासाचं. त्यात त्यांनी चार बिऱ्हाडांचे जबाब घेतले. शेवटी वॉचमननं सांगितलं की वास साहेबांच्याच रेनकोटाला येतोय.

त्यांचा साहाय्यक म्हणजे त्यांचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, व्यवसायानं शिंपी. गळ्यात कायम टेप असते, एवढ्याच पात्रतेवर त्याची नेमणूक झाली होती. त्याला या भानगडीत काडीचा रस नव्हता. पण ताईनं हात जोडले होते. “जा रे बाबा त्यांच्याबरोबर. घरात असले की माझ्या डब्याडुब्यांवरचे ठसे घेतात. स्वयंपाक सुचत नाही मला.” ताईचा शब्द मोडायची मेहुण्याची छाती नव्हती. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता, तरी तो निघायचा.

तर त्या बुधवारी शोधमहर्षी नवीन कवळी घालून बघायला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. पाठोपाठ मेहुणा, कारण दवाखान्याचे पांढरे एप्रन तोच शिवायचा आणि दोन द्यायचे होते. दार उघडलं तर आत वेगळाच तमाशा. बाहेरच्या खोलीत सहा पेशंट गाल धरून बसलेले आणि मधोमध डॉक्टर काचेच्या पाच फुटी टाकीकडे बोट दाखवत काउंटरवरच्या बाईंवर कडाडत होते.

“सोमवारी एक गेला, आज दुसरा! किल्ली कोणाकडे असते? तुमच्याकडे! सकाळी पहिलं कोण येतं? तुम्ही! मग मासे काय चालत बसस्टॉपवर गेले?”

बाई नऊ वर्षं काउंटरला होत्या. पेशंटांना नंबर देणं, रडणाऱ्या पोरांना गप्प करणं, सकाळ-संध्याकाळ माशांना खाणं टाकणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी समोरची वही सरळ केली, पुन्हा वाकडी केली, पुन्हा सरळ केली.

“शनिवारपर्यंत मासे सापडले नाहीत, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि निघायचं,” डॉक्टर म्हणाले आणि कुणाच्या तरी दाढेकडे निघून गेले.

आता ‘सापडले नाहीत’ हे शब्द शोधमहर्षींच्या कानावर पडले आणि त्यांनी आपण होऊन प्रकरण हातात घेतलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांना कधीच कुणी विचारत नसे.

टाकीत काय होतं ते आधी सांगायला हवं. मासे सगळे शिकारी जातीचे. एक भलामोठा काळाकरडा, अंगावर नारिंगी डाग असलेला, ऑस्कर जातीचा. डॉक्टर त्याला सरदार म्हणत आणि ‘खानदानी आहे’ असं पेशंटचं तोंड उघडं असताना सांगत, म्हणजे कुणी उलट बोलू शकत नसे. बाकीचे पाच लहान, अंगावर काळे-पांढरे पट्टे, म्हणून मासे विकणारा दुकानदार त्यांना कैदी म्हणायचा. पाचांचे आता तीन उरले होते.

टाकीवर भिंतीला एक तक्ता लटकत होता. चौकटीत, काचेआड, डॉक्टरांच्या सुवाच्य अक्षरात:

‘सरदार: चार इंच. कैदी (पाच): प्रत्येकी साडेतीन इंच. शिकारी मासे एकत्र ठेवण्याचा नियम: कोणीही कोणाच्या तोंडात मावता कामा नये.’

शोधमहर्षींनी तक्ता तीनदा वाचला. भिंगातून एकदा वाचला. मग वहीत लिहिलं, ‘सरदार: निर्दोष. लेखी पुरावा उपलब्ध.’

“भाऊजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “हा मासा जरा मोठा नाही वाटत?”

“वाटणं हा पुरावा नव्हे,” शोधमहर्षी म्हणाले. “पाण्यात सगळंच मोठं दिसतं. तू टेप काढ आणि खिडकी मोज.”

मेहुण्यानं खिडकी मोजली. दार मोजलं. गजांमधलं अंतर मोजलं. चोर आत शिरू शकतो का हे बघायला शोधमहर्षींनी मेहुण्यालाच गजांमधून डोकं घालायला सांगितलं. डोकं गेलं, यायला मात्र तयार होईना. शेवटी झाडूपोछा करणाऱ्या मावशींनी कानाला साबण लावून ते सोडवलं. खाली रस्त्यावर थांबलेली माणसं बराच वेळ वर बघत होती.

“बाहेरून चोर येणं अशक्य,” शोधमहर्षींनी निष्कर्ष काढला. “आत गेलेला परत येत नाही. म्हणजे गुन्हेगार आतलाच.”

मग जबाब सुरू झाले. आधी मावशी.

“या माशांना कोणी पाण्यात पाहत होतं का?”

“सगळेच पाण्यात बघायचे की,” मावशी म्हणाल्या. “बाहेर काढून कशाला बघेल कोण?”

“तुमचा कोणावर संशय?”

“त्या मेल्या सरदारावर. डोळा बघा त्याचा.”

“तक्ता वाचता येतो का तुम्हाला?”

“नाही बाबा.”

“मग गप्प बसा,” शोधमहर्षी म्हणाले आणि जबाबाखाली ‘निरक्षर, अविश्वसनीय’ असा शेरा मारला. मावशींनी फडका पिळला तो इतका जोरात, की मेहुण्यानं नकळत आपली मान चाचपली.

नंतर बाई. बाईंनी जेवढं ठाऊक होतं तेवढं सरळ सांगितलं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा एक कैदी कमी होता. आज दुसरा. झाकण जागेवर, पाणी स्वच्छ, कुठं मेलेला मासा नाही. “आणि एक,” बाई आठवून म्हणाल्या, “दोन्ही सकाळी सरदारानं खाणं घेतलं नाही. एरवी माझ्या हातावर झडप घालतो. त्या दिवशी नुसता कोपऱ्यात पडून होता, पोट टेकवून.”

शोधमहर्षींचा चेहरा एकदम कोवळा झाला. “साहाय्यक, लिहा. साक्षीदार मानसिक धक्क्यात. अन्नावरची वासना उडाली. डोळ्यांदेखत सोबती गेले, बिचाऱ्याचे.”

त्यांनी काचेला हात लावून सरदाराचं सांत्वन केलं. सरदार त्यांच्या बोटाकडे फार लक्ष देऊन बघत होता.

मेहुण्यानं लिहून घेतलं, पण त्याचं मन काउंटरकडे होतं. शोधमहर्षी आत कवळी घालून बघायला गेले तेव्हा बाई त्याला हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण चोर म्हणून काढलं तर दुसरी देईल कोण? या रस्त्यावर चार दवाखाने आहेत आणि चौघांचीही ऊठबस एकत्र आहे. नऊ वर्षांत एक कापसाचा बोळा घरी नेला नाही मी.”

“सापडेल काहीतरी,” मेहुणा म्हणाला. कोण शोधतंय हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आतून बाहेर येताच शोधमहर्षींना दुसरा सिद्धान्त सुचला होता. नवी कवळी अजून बसायची होती. मोठं वाक्य आलं की ती टाळ्या वाजवायची. “विषप्रयोग!” ते म्हणाले आणि कवळीनं टाळी दिली. “खाण्याची पाकिटं जप्त करा!”

“अहो, विष असतं तर मेलेले मासे दिसले असते,” बाई म्हणाल्या.

“तेच तर विष! पुरावाही मरतो त्यानं.”

माशांच्या खाण्याचे दोन डबे आणि फ्रीजमधल्या सुक्या कोळंबीची पिशवी सीलबंद झाली. टाकीवर कागद चिकटला: ‘तपास पूर्ण होईपर्यंत माशांना काहीही खाऊ घालू नये. हुकमावरून.’ बाईंनी डॉक्टरांकडे तक्रार केली, पण डॉक्टरांना तो कागद आवडला. त्यावर शिक्का होता.

गुरुवारी सरदार काचेला नाक लावून येरझाऱ्या घालत होता. “अस्वस्थ आहे,” शोधमहर्षी म्हणाले. “काहीतरी सांगायचंय त्याला.”

“भूक लागलीय त्याला,” मावशी म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिसरा कैदी नाहीसा झाला.

शोधमहर्षी खचले नाहीत. उलट एवढा आनंद त्यांना वाढदिवसालाही झाला नव्हता. “पळून गेले!” त्यांनी जाहीर केलं. “नावं बघा! कैदी! अंगावर पट्टे! एकेक करून आपल्या हातावर तुरी देऊन निसटतायत. झाकणाच्या फटीतून उडी, जमिनीवरून सरपट, आणि मोरीतून बाहेर!”

मेहुणा पोटावर झोपून सगळ्या खुर्च्यांखाली शिरला. तिथं त्याला दोन हेअरपिना, एक दुधाचा दात आणि गेल्या वर्षीच्या तारखेची अपॉइंटमेंटची चिठ्ठी सापडली. कैदी एकही नाही. पुढच्या खुर्चीवरच्या आजोबांनी पाय वर घेतले आणि विचारलं, “काय हरवलंय हो?”

“अक्कल,” मेहुणा खुर्चीखालून म्हणाला.

मोरीच्या जाळीचं भोक टेपनं मोजलं: अर्धा सेंटिमीटर. तिथून मुंगी गेली असती, तीही अंग चोरून. पलायनाचा सिद्धान्त त्याच मोरीतून वाहून गेला. मग फिल्टर दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावून त्याचे खिसे मोजण्यात आले. तो निरोप न घेताच गेला, आणि फिल्टरचा एक स्क्रूही लावायचा राहिला तो राहिलाच.

शुक्रवारी रात्रभर जागून शोधमहर्षींनी जे काही केलं त्याला ते चिंतन म्हणत. शनिवारी अकराला त्यांनी दवाखान्यात सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या, स्वतःकडे तोंड करून. म्हणजे पर्यायानं टाकीकडे पाठ करून. डॉक्टर हातमोजे घालून दारात उभे, कारण आत एका पेशंटच्या दाढेला भूल दिली होती आणि ती चढायची होती. तो पेशंट, रंगारी, गालात बोटभर कापूस कोंबून बाहेरच येऊन बसला. खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून तो एकटाच समोरच्या भिंतीशी स्टुलावर टेकला. टाकीकडे तोंड असलेले खोलीत दोघेच, तो आणि शोधमहर्षी; आणि शोधमहर्षींचे डोळे हातातल्या वहीत. शोधमहर्षी त्याच्या पुढ्यातच, त्याच्याकडे पाठ करून उभे होते. बाई काउंटरमागे. समोर किल्ली काढून ठेवलेली.

“स्त्री-पुरुषहो,” शोधमहर्षींनी सुरुवात केली, “गुन्हेगार या खोलीत आहे.”

“अं,” रंगारी म्हणाला.

“बरोबर. बाहेरचा चोर अशक्य. विष अशक्य. पलायन अशक्य. उरतं काय?”

“अं! अं अं!” रंगारी स्टुलावरून अर्धवट उठला आणि टाकीकडे बोट दाखवायला लागला.

“बसा हो. दुखतंय सगळ्यांनाच,” शोधमहर्षी मागे न बघता म्हणाले. “उरतो एकच मार्ग. डबा!” कवळीनं टाळी दिली. “साहाय्यक, बाईंच्या जेवणाच्या डब्याची लांबी किती?”

मेहुण्यानं टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं.

“लांबी किती?”

“सहा इंच,” मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला.

“सहा इंच! आणि कैदी साडेतीन! रोज सकाळी भरलेला डबा येतो, रोज संध्याकाळी रिकामा जातो, असा आपला समज. पण तो रिकामा जातो का?”

बाईंनी डबा जवळ ओढला. “माझ्या डब्यात मासे?” त्या म्हणाल्या.

आपण ताईच्या शब्दाखातर कुणाच्या पोटावर पाय देतोय, हे मेहुण्याला अगदी लख्ख दिसलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात रंगाऱ्यानं शोधमहर्षींचा कोट धरला आणि दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गिळायची अशी काही नक्कल केली, की पुढच्या आजोबांना वाटलं याला फिट आली. “अं अं अं!”

मावशी पोछा टाकून वळल्या. “अगं बाई! शेपूट!”

सगळी खोली वळली.

सरदार टाकीच्या मधोमध होता. त्याच्या तोंडातून एक काळी-पांढरी शेपटी बाहेर आली होती आणि अजून हलत होती. सरदारानं खोलीभर नजर फिरवली, एकदा जबडा पसरला आणि शेपटीही आत गेली. मग तो पोट टेकवून कोपऱ्यात बसला. उरलेला एकुलता एक कैदी फिल्टरच्या नळीमागं जीव मुठीत धरून चिकटला होता.

शोधमहर्षींनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं.

“हे शक्य नाही,” ते म्हणाले. “तक्त्यात चार इंच आहे.”

“भाऊजी, डोळ्यांनी बघितलं सगळ्यांनी!”

“डोळ्यांना सही नसते हो. तक्त्यावर सही आहे.”

मेहुण्यानं गळ्यातली टेप ओढली आणि चार दिवसांत पहिल्यांदाच कुणी न सांगता मोजायला गेला. काचेला टेप लावली. सरदार कोपऱ्यात आडवा, निवांत, अगदी माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकापेक्षा शहाणा. “साडेबारा इंच,” मेहुणा म्हणाला. मग त्यानं मान वर करून तक्त्याच्या खालचा कोपरा वाचला. “आणि डॉक्टर, ही तारीख दीड वर्षापूर्वीची आहे. आणलात तेव्हा सगळे सारखे होते. कैदी तेवढेच राहिले, हा वाढला. मी शाळेचे कपडे शिवतो. जूनचं माप जानेवारीत धरलं तर पोरगं गुडघे उघडे टाकून फिरतं. दर खेपेला नव्यानं मोजावं लागतं हो.”

“तरी मी पहिल्या दिवशी सांगितलं,” मावशी म्हणाल्या. “तोंड मोठं झालं आणि समोर बारका दिसला की खाणारच. त्यात तुम्ही तीन दिवस उपाशी ठेवलात. पोट भरलेलं असतं तर निदान दमानं घेतलं असतं त्यानं.”

सगळ्यांनी टाकीवरच्या शिक्का मारलेल्या कागदाकडे बघितलं. मग शोधमहर्षींकडे. शोधमहर्षींनी घसा खाकरला. “मी मुद्दामच उपाशी ठेवलं होतं,” ते म्हणाले. “गुन्हेगाराला रंगेहाथ पकडण्यासाठी. संशय माझा पहिल्यापासून त्याच्यावरच.” कवळीनं या वेळी टाळी दिली नाही, ती निघून त्यांच्याच हातात आली.

मावशींनी वेळ घालवला नाही. दातांचे साचे बनवायच्या प्लास्टरची बादली धुवून तिच्यात टाकीतलंच पाणी घेतलं, जाळीनं त्या शेवटच्या कैद्याला अलगद काढलं आणि काउंटरवर बाईंच्या शेजारी ठेवलं. रंगाऱ्यानं वाकून बादलीत बघितलं आणि कापसासकट हसला.

आणि डॉक्टर? डॉक्टरांना तर हसू आवरेना. त्यांनी काचेवर टिचकी मारली. “लबाडा! चार खाल्लेस होय रे! खानदानी खरा!” त्यांच्या आवाजात लाड होता. मग हातमोजे ओढत ते वळले. “चला, मिटलं. भूल चढली असेल, या हो आत. बाई, पुढच्याला तयार ठेवा. आणि ती किल्ली उचला, शनिवारचं विसरा.”

ते आत गेले. दार ढकललं गेलं. खोलीत सगळे बाईंकडे बघायला लागले.

बाईंनी किल्ली उचलली नाही. रंगारी उठला होता, तो परत स्टुलावर बसला. आजोबांनी हाताची घडी घातली. मेहुण्यानं टेप गुंडाळायचं थांबवलं.

आतून हाक आली, “कोण आहे? पाठवा!”

कुणी हललं नाही. पुन्हा हाक आली. मग दार उघडून डॉक्टर स्वतःच बाहेर आले. “काय झालं? बाई?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “माशाला लबाड म्हणालात. चार जीव खाल्ले त्यानं, आणि त्याच्या वाट्याला लाड आला. मी काही खाल्लं नव्हतं. मला चोर ठरवलंत.”

“अहो, गैरसमज झाला. एवढं काय मनावर घ्यायचं? आत या, बोलू आपण.”

“आत कशाला? चोर ठरवलंत ते इथं. सहा पेशंटसमोर.”

डॉक्टरांनी खोलीकडे बघितलं. गाल सुजलेले, कापूस कोंबलेले, दात पडलेले सगळे चेहरे त्यांच्याकडे लागले होते. शोधमहर्षींनीसुद्धा कवळी हातात धरून मान खाली घातली होती.

“चुकलं माझं,” डॉक्टर पुटपुटले.

“अं?” रंगारी म्हणाला. त्यानं कानाला हात लावला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. “बाई, माझं चुकलं,” ते मोठ्यानं म्हणाले. “मी न बघता बोललो. तुम्ही चोर नाही.”

बाईंनी पदरानं डोळे पुसले, एकदाच. मग किल्ली उचलून पर्समध्ये टाकली, वही पुढं ओढली आणि रंगाऱ्याकडे बघितलं.

“जा आता तुम्ही आत,” त्या म्हणाल्या. “भूल उतरेल तुमची.”